पाळण्याच्या दारातली रेघ

मुलांचे वय आणि मुलांची उंची यांच्या बाबतीत आपल्या सुशिक्षित, पापभीरू कुटुंबांतूनही दोन निरनिराळे हिशेब चालतात, हे कोणी नाकारू नये. रेल्वेच्या डब्यात तिकीट तपासनीस शिरला की पाच वर्षे पुरी झालेला मुलगा एकाएकी साडेचार वर्षांचा होतो. बसमध्ये अर्ध्या तिकिटाची मर्यादा ओलांडलेली कन्या आईच्या मांडीवर अंग चोरून बसते. करमणूक-उद्यानाच्या दारात तर हे दोन्ही हिशेब एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने पाहावयास मिळतात. आपल्याकडील अनेक उद्यानांत मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते. तेव्हा तिकिटाच्या खिडकीपाशी आई हळूच सांगते, ‘‘जरा गुडघे वाकव रे.’’ आत गेल्यावर मोठ्या पाळण्याच्या दाराशी तीच आई म्हणते, ‘‘टाचा वर कर, मान ताठ ठेव.’’ मूल बिचारे दोन्ही आज्ञा पाळते आणि दोन्ही लक्षात ठेवते.

पहिल्या लबाडीत बुडतात ते चार पैसे. तीही योग्य नव्हे. परंतु पैसा आज गेला तर उद्या येतो. दुसऱ्या लबाडीत काय पणाला लागते, ती रेघ तेथे कोणी आणि कशासाठी ओढली, आणि जेथे अशी रेघच नसते त्या आपल्या गावच्या यात्रेत आपण काय करावे, याचा थोडा विचार सुटीच्या दिवसांपूर्वी व्हावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

एका महामार्गाची दोन टोके

आमचे बोरगाव निपाणी तालुक्यात, कर्नाटकाच्या अगदी काठावर वसलेले. पलीकडे इचलकरंजी, अलीकडे निपाणी. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्ही. निपाणीवरून जाणारा पुणे–बंगळूर महामार्ग हा या भागाचा जणू कणाच आहे. उसाच्या गाड्या, तंबाखूचे बोद, नोकरीला निघालेले तरुण आणि सुटीसाठी येणारे नातेवाईक या सर्वांची वाट तीच. मुलांच्या दृष्टीने मात्र या रस्त्याला आता आणखी दोन टोके फुटली आहेत. उत्तरेकडे पुणे ओलांडून गेले की खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका लागते. दक्षिणेकडे बंगळूर गाठून म्हैसूरच्या रस्त्याला लागले की बिडदीजवळ २००५ पासूनचे वंडरला. त्याआधी १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, तेव्हा त्याची वर्णने आमच्याकडे मुंबईकर पाहुण्यांच्या तोंडूनच ऐकावी लागत.

मे महिन्यात आजोळी भावंडे जमतात. कोणी इंदूरहून, कोणी बडोद्याहून, कोणी बंगळूरहून, कोणी हैदराबादेहून. सर्वांत धाकटे तीन वर्षांचे, सर्वांत थोरले मिसरूड फुटलेले. आंबे खाऊन, पत्ते कुटून झाले की ठराव होतो : ‘‘सगळे मिळून जाऊ या.’’ गाडी ठरते, डबे भरले जातात, पहाटे निघणे होते. आणि उद्यानातल्या पहिल्याच मोठ्या पाळण्यापाशी एक फळी उभी असते. तिच्यावर एखादे हसरे चित्र, हात आडवा केलेला, आणि त्या हाताखाली एक रेघ. तीनशे मैलांचा प्रवास करून आलेली भावंडे त्या रेघेपाशी दोन तुकड्यांत विभागली जातात : एक तुकडी आत जाते, दुसरी कठड्यापाशी उभी राहते. ‘सगळे मिळून’ हे शब्द तेथेच संपतात.

रडारड सुरू होते ती येथे. वडील रखवालदाराशी वाद घालू लागतात. ‘‘अहो, एका बोटाचा तर फरक आहे! मी शेजारी बसतो ना, मी धरतो त्याला.’’ रखवालदार बहुधा विशी-बाविशीतला पगारी मुलगा असतो. दिवसातून पन्नास वेळा त्याला हेच ऐकावे लागते आणि पन्नास वेळा नाही म्हणावे लागते. त्याच्या जागी आपला मुलगा नोकरीला आहे अशी क्षणभर कल्पना केली, तरी आपला आवाज उतरेल.

कनिष्ठ आणि गरिष्ठ

सीमाभागातल्या माणसाला या फळीवर एक गंमत दिसते. बंगळूरकडील पाटीवर कन्नडमध्ये ‘कनिष्ठ एत्तर’ असे लिहिलेले असते. एत्तर म्हणजे उंची. आमच्या शाळेतल्या मुलांना कन्नड अक्षरे वाचता येतात. पण मराठी घरातल्या मुलाला ‘कनिष्ठ’ म्हटले की धाकटा, खालच्या दर्जाचा, असाच अर्थ सुचतो. म्हणजे ही पाटी आपल्याला कमी लेखते आहे, अशी त्याची समजूत व्हायची. कन्नडमध्ये मात्र कनिष्ठ म्हणजे किमान. तसेच ‘गरिष्ठ’ म्हणजे आपल्याकडे पचावयास जड, तर कन्नडमध्ये कमाल. लहान मुलांच्या छोट्या पाळण्यांवर ही दुसरी अटही असते, कारण त्यांतली आसने मोठ्यांच्या मापाची नसतात. नातवाच्या हौसेखातर त्याच्या इवल्याशा मोटारीत बसू पाहणाऱ्या आजोबांनाही रेघ अडवते, हे मुलांना आवर्जून दाखवावे. नियम एकट्या लहानांसाठी नाहीत, एवढे त्यांना कळले तरी निम्मा रुसवा जातो.

परंतु ‘किमान’ या शब्दाचा नेमका अर्थ आपण मोठी माणसेही नीट घेत नाही. रेघेच्या वर डोके गेले म्हणजे मूल त्या पाळण्यासाठी योग्य झाले, असे नव्हे. रेघेच्या खाली असलेल्याला बसवू नये, एवढेच ती सांगते. वर असलेल्याला बसवावे की नाही हा निर्णय तिने आईबापांवर सोडलेला असतो. चार वर्षांचे एखादे मूल अंगाने थोराड असते. उंची भरते, पण भीती वाटताच आसनातून उठण्याचा प्रयत्न करते. अशा मुलाला रेघ पास करील, आईने करू नये.

रेघ उंचीचीच का?

वयाऐवजी उंचीच का मोजतात, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. त्याचे एक उत्तर व्यवहाराचे आहे. वय चेहऱ्यावर लिहिलेले नसते. त्यासाठी जन्माचा दाखला मागावा लागेल आणि रांग तुंबेल. उंची एका क्षणात, सर्वांच्या देखत, वादाला जागा न ठेवता मोजता येते. दुसरे आणि खरे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे.

पाळण्यात माणसाला आसनात धरून ठेवणारी वस्तू म्हणजे मांडीवर किंवा खांद्यांवरून येणारा दांडा. मांडीवरचा दांडा कमरेच्या हाडांपाशी, मांड्यांच्या मुळाशी घट्ट बसला तरच तो उपयोगाचा. मोठ्या माणसाची कंबर रुंद, मांड्या जाड, पाय जमिनीला टेकलेले. झटका बसला की तो पायांनी जोर लावून स्वतःला सावरतो. लहान मुलाचे पाय लोंबकळतात, कंबर चिंचोळी असते, आणि दांड्याखालून ते पुढे घसरू शकते. शिवाय मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. जन्मतः डोके एकूण लांबीच्या जवळजवळ चतुर्थांश भरते; प्रौढपणी ते सातव्या-आठव्या हिश्शावर येते. जड डोके आणि कोवळी मान यांना अचानक बसणारे हिसके झेपत नाहीत.

‘मी शेजारी बसून धरतो’ या म्हणण्यातली चूक तर विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पुष्कळ पाळण्यांत दोघांच्या मांडीवर मिळून एकच दांडा येतो. तो खाली येता येता ज्याच्या मांड्या जाड, त्याच्या मांड्यांवर अडतो. वडिलांच्या मांडीला तो घट्ट बसतो आणि शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाच्या मांडीवर वीतभर पोकळी उरते. म्हणजे वडील शेजारी बसल्याने मूल सुरक्षित होत नाही. काही पाळण्यांत ते अधिक मोकळे पडते. आणि हाताने धरण्याची गोष्ट म्हणाल, तर होडीसारखा झुलणारा पाळणा वरच्या टोकाला पोहोचून परत फिरतो तेव्हा क्षणभर शरीराचे वजन नाहीसे झाल्यासारखे वाटते; त्या क्षणी वडिलांचे हात स्वतःच्या आधारासाठी आपोआप दांड्याकडे जातात. प्रेम कमी असते म्हणून नव्हे, शरीराचा धर्मच तसा आहे.

पाळण्यांचे धोके दोन प्रकारचे असतात, हेही येथेच सांगितले पाहिजे. एक यंत्र मोडण्याचा. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळील उद्यानात लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून कोसळला आणि दोघांचे प्राण गेले. तेथे कोणाच्या उंचीचा प्रश्नच नव्हता. दुसरा धोका शरीर आणि दांडा यांचे माप न जुळण्याचा. २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील ऑरलँडो येथे उंचावरून झपकन खाली सोडणाऱ्या पाळण्यातून एक चौदा वर्षांचा मुलगा निसटून पडला व दगावला. यंत्र मोडले नव्हते. मुलगा लहानही नव्हता, उलट देहाने मोठा होता. खांद्यांवरचा दांडा त्याच्या अंगावर पुरता बंद होत नव्हता. त्याच्या आसनाचा संवेदक हाताने असा बदलून ठेवला होता की मोठी फट राहूनही यंत्राला दांडा बंद वाटावा, असे सरकारी चौकशीत निष्पन्न झाले. पहिला धोका ओळखणे आपल्या हाती फारसे नाही. ते तपासनीसांचे काम. दुसरा मात्र डोळ्यांनी दिसतो, आणि तो पाहण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. उंचीची रेघ या दुसऱ्या धोक्यासाठीच ओढलेली असते.

या साऱ्याचा अर्थ एका वाक्यात सांगावयाचा तर, रेघेखाली उभ्या असलेल्या मुलात काही उणे नसते. उणे असते ते दांड्यात. तो त्या मुलासाठी बनवलेलाच नाही.

किती वर्षांचे मूल किती उंच?

निरनिराळ्या उद्यानांत आणि निरनिराळ्या पाळण्यांत अटी वेगळ्या असतात. ढोबळ मानाने सौम्य पाळण्यांना ९० सेंटीमीटरच्या आसपास, मध्यम पाळण्यांना १०५ ते १२० आणि थरारक पाळण्यांना १२० ते १४० अशी मापे आढळतात. परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी एक उदाहरण : फ्लॉरिडातील डिस्ने वर्ल्डच्या ‘स्पेस माउंटन’ या पाळण्याला ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटीमीटर उंची लागते. फूट-इंचात विचार करणाऱ्या आजी-आजोबांनी एवढे लक्षात ठेवावे की तीन फूट म्हणजे ९१, साडेतीन फूट म्हणजे १०७, चार फूट म्हणजे १२२ आणि साडेचार फूट म्हणजे १३७ सेंटीमीटर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार मुलांची मधली उंची तिसऱ्या वर्षी सुमारे ९६, चौथ्या वर्षी १०३, पाचव्या वर्षी ११०, सातव्या वर्षी १२१-१२२ आणि दहाव्या वर्षी १३८ सेंटीमीटर असते. मुलगे व मुली यांच्यात या वयांत फारसा फरक नसतो. म्हणजे १२० ची रेघ बहुतेक मुले सातव्या वर्षाच्या आगेमागे गाठतात आणि १४० ची दहा-साडेदहाच्या सुमारास. परंतु मधली उंची याचा अर्थच असा की निम्मी निरोगी मुले तिच्या खाली असतात. पाच वर्षांचे धडधाकट मूल १०१ सेंटीमीटरचे असू शकते तसे ११८ चेही. दोघे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसतात. पाळण्याच्या दारात मात्र एकाला प्रवेश आणि दुसऱ्याला नकार मिळतो. बुटक्या मुलाच्या मनाला ते लागते. अशा वेळी ‘‘दूध पीत नाहीस, भाजी खात नाहीस, म्हणून असे झाले’’ हे वाक्य उच्चारू नये. ते बहुतेक वेळा खरे नसते, आणि खरे असले तरी ती जागा ते सांगण्याची नव्हे.

भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षे वयाचे वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले, पुण्याच्या डॉ. वामन खडिलकर यांचा त्या कामात प्रमुख वाटा होता. आपल्या डॉक्टरांकडे हे तक्ते असतात. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटीमीटर वाढते. ही वाढ वर्षाला चारच्याही खाली गेली तर डॉक्टरांना दाखवावे. एरवी बुटके असणे हा आजार नव्हे. पुष्कळदा तो वडिलांकडून आलेला वारसा असतो.

आणखी एक मौजेची पण उपयुक्त गोष्ट. माणसाची उंची सकाळी अधिक आणि संध्याकाळी थोडी कमी असते. दिवसभर उभे राहून, चालून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि अर्धा ते एक सेंटीमीटरचा फरक पडतो. रात्रीच्या झोपेने तो भरून निघतो. म्हणून रेघेच्या अगदी काठावर असलेले मूल सकाळी पास होते आणि संध्याकाळी नापास. रखवालदार बदलला, तो अन्याय करतो, असे अशा वेळी आपल्याला वाटते. तसे नसते. ज्या मुलाची बाब एवढ्या काठावर आहे, त्याला त्या वर्षी तो पाळणा नकोच, असा निर्णय घेणे अधिक शहाणपणाचे. चपलेत जाड तळ घालणे, पायमोज्यांत कापड दुमडून ठेवणे या युक्त्यांनी रेघ फसेल. दांडा फसत नाही.

जेथे रेघ नाही तेथे

उद्यान वर्षा-दोन वर्षांतून एकदा घडते. यात्रा दरसाल येते. चिंचलीची मायाक्का, आप्पाचीवाडीचा हालसिद्धनाथ, वाडी रत्नागिरीचा जोतिबा ही आपल्या भागातली दैवते. गावोगावचे उरूस आणि जत्रा निराळ्याच. मोठी यात्रा भरली की आकाशपाळणा, होडीचा पाळणा (त्याला आपल्याकडे ‘कोलंबस’ म्हणतात), गरगरा फिरणारा ‘ब्रेक डान्स’, लहानग्यांची झुकझुक गाडी आणि घोड्यांची चक्री हे सारे आलेच. तेथे मात्र बहुधा फळी नसते, रेघ नसते. पाळणेवाला डोळ्यांनी अंदाज घेतो आणि म्हणतो, ‘‘बसवा की वैनी, काय हुत न्हाई!’’

या पाळणेवाल्याला खलपुरुष ठरवण्याचे कारण नाही. गावोगाव लोखंड वाहून नेणारी, तंबूत राहणारी ही माणसे यात्रेच्या चार-पाच दिवसांत महिन्याची मिळकत करू पाहतात. एका मुलाला नाही म्हटले की त्याच्यासोबतची पाच माणसे निघून जातात. म्हणजे सहा तिकिटे गेली. नाही म्हणणे त्याला परवडत नाही. म्हणून तेथे ‘नाही’ म्हणण्याचे काम आपल्यावर येते. उद्यानात रेघ फळीवर असते. यात्रेत ती आईबापांनी आपल्याबरोबर न्यावयाची असते.

आकाशपाळण्याचेच पाहा. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात फेरिस या अभियंत्याने उभारलेला पहिला प्रचंड पाळणा २६४ फूट उंच होता. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत. ते डबे म्हणजे बंद खोल्याच होत्या. लंडनमधील मोठ्या चक्रालाही बंद कुप्या आहेत, आणि तेथे उंचीची अट नाही. आपल्या यात्रेतल्या पाळण्याची आसने उघडी, कठडा कमरेइतका, आणि दाराला एक कडी. अशा आसनात धोका वेगाचा नसतो. मूल उभे राहण्याचा, वाकून खाली पाहण्याचा असतो. म्हणून बसल्यावर कठडा मुलाच्या छातीपर्यंत येतो की नाही आणि सांगितलेले मूल बसून राहते की नाही, हे दोनच प्रश्न विचारावे. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर घोड्यांची चक्री पुरे.

गरगर फिरणाऱ्या पाळण्यात जोर बाहेरच्या बाजूला लागतो आणि आतला माणूस बाहेरच्यावर रेलतो. तेथे मूल आतल्या बाजूला आणि मोठे माणूस बाहेरच्या बाजूला बसावे. उलट बसल्यास मोठ्याचा सारा भार लेकरावर येतो. होडीच्या पाळण्यात टोकाच्या आसनावर झोका सर्वांत मोठा असतो. मुलांना मधल्या आसनांवर बसवावे, आणि दांडा मांडीला टेकत नसेल तर मुळीच बसवू नये. स्त्रियांनी पदर, ओढणी खोचून आणि केस अंबाड्यात बांधून बसावे. फिरत्या दांड्यात मोकळे केस वा ओढणी अडकली तर पाळणा थांबेपर्यंत अनर्थ होतो. बसण्याआधी एक फेरी नुसती उभे राहून पाहावी. कड्या प्रत्येक आसनाला लावल्या जातात की नाही, लावल्यावर त्यांत खीळ घातली जाते की नाही, चालवणारा माणूस पाळण्याकडे पाहत असतो की गप्पा मारीत असतो, आणि पायाखालचे लाकडी ठोकळे हलतात की काय, एवढे कळायला पाच मिनिटे पुरतात. काही विचारायचे असेल तर शांतपणे विचारावे. ‘‘दादा, ह्या पोराला चालंल का? खरं सांगा,’’ असे विचारले तर तो माणूसही बहुधा खरेच सांगतो. त्यालाही घरी पोरे असतात.

‘नाही’ कसे सांगावे

आता सर्वांत अवघड भाग. नियम कळले, कारणे पटली. तरी कठड्यापाशी रडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला काय सांगावे?

आमचा अनुभव असा की, हे ‘नाही’ उद्यानाच्या दारात सांगू नये. घरून निघण्यापूर्वी सांगावे. आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व मुलांना माजघराच्या चौकटीशी उभे करून मोजले. टाचा भिंतीला, डोक्यावर पुस्तक आडवे, पेन्सिलीची खूण. धाकटी ११२ भरली. ज्या पाळण्याची सारी भावंडे स्वप्ने पाहत होती त्याला १२० ची अट होती. ती बराच वेळ खुणेकडे पाहत राहिली आणि मग तिने आजीला विचारले, ‘‘आजी, मी लहान आहे म्हणून नाही, की बुटकी आहे म्हणून?’’

आजी म्हणाली, ‘‘दोन्ही नव्हे ग बाई. आजोबांचा सदरा तुला होत नाही, म्हणून तू चुकीची आहेस का? तो सदरा तुझा नव्हे, एवढंच.’’

मुलीला ते पटले, पण पुढचा प्रश्न तिने लगेच विचारला आणि तो त्याहून रास्त होता. ‘‘मग ते सगळे वर गेल्यावर मी काय करू?’’

या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांजवळ तयार असले पाहिजे. नियम सांगून मोकळे होणे म्हणजे मुलाला कठड्यापाशी टाकून जाणे. आमच्याकडे असे ठरले की, थोरली भावंडे मोठ्या पाळण्यात जातील तितका वेळ आत्या धाकटीबरोबर राहील आणि त्या वेळात कोठे जायचे हे एकटी धाकटी ठरवील. मोठ्यांनी त्याला नाही म्हणायचे नाही. दिवसाच्या शेवटी सर्व भावंडांनी एका तरी अशा पाळण्यात बसायचे, ज्यात सगळ्यांना जागा आहे, मग तो थोरल्यांना कितीही पोरकट वाटो. पंधरा वर्षांचा दादा झुकझुक गाडीत गुडघे छातीशी घेऊन बसला आणि धाकटीने त्याला धीर दिला, हे दृश्य त्या सहलीचे भूषण ठरले. अर्थात त्या गाडीची ‘गरिष्ठ’ अट आधी वाचूनच!

परदेशातील मोठ्या उद्यानांत लहान मुले असलेल्या आईबापांसाठी एक सोय असते : एकाने मुलाजवळ थांबावे, दुसऱ्याने पाळण्यात जाऊन यावे, आणि मग पहिल्याने पुन्हा पूर्ण रांग न लावता जावे. आपल्याकडेही दाराशी विचारून पाहावे. सोय नसली तरी आळीपाळी करावी. दोघांपैकी एकालाच, बहुधा आईलाच, दिवसभर पिशव्या सांभाळत बसावे लागते, असे होऊ नये.

मुलाची हौस मोडली जाईल, या भीतीने पुष्कळ पालक रखवालदाराशी भांडतात. वास्तविक मुले नकाराने तितकी खचत नाहीत, जितकी आपला बाप चार लोकांत नियमाशी झगडतो आहे हे पाहून गोंधळतात. बाप जिंकला आणि मूल आत गेले, तर ते एवढेच शिकते की आवाज चढवला की रेघ खाली येते. उद्या ते सोळा वर्षांचे होईल आणि परवान्याशिवाय मोटारसायकल मागेल. त्या दिवशी आपण त्याला कोणती रेघ दाखवणार?

झोपलेल्या मुलाला ओलांडले तर त्याची उंची खुंटते, असे आमच्या आज्या म्हणत आणि कोणी चुकून ओलांडलेच तर त्याला उलटे परत ओलांडावयास लावीत. त्यात शास्त्र नव्हते. पण लहानग्याच्या वाढीला घाई करू नये आणि अडवूही नये, अशी एक माया त्यात होती. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणांतही तीच माया असावी. दरसाल एकाच दिवशी, एकाच वेळी, अनवाणी उभे करून मूल मोजावे. खुणेशेजारी साल घालावे. आणि शक्य असल्यास चार जागा आधीच आखून ठेवाव्यात : ९०, १०७, १२०, १४०. सहा वर्षांची मुलगी मग स्वतःच मोजते की १२० ला आठ सेंटीमीटर उरले, वर्षाला सहा वाढते, म्हणजे पुढच्या मे महिन्यात थोडे कमी पडेल आणि त्यापुढच्या मे महिन्यात नक्की. वाट पाहण्याचा हिशेब ज्या मुलाला स्वतःला करता येतो, त्याला कठड्यापाशी रडावेसे वाटत नाही. पाळणा तेथेच असतो. मूल वाढत असते.